सरड्यांची सोयरीक

सकाळी सात वाजता रस्त्याच्या अल्याड सरडा पकडून पल्याड सोडणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या शेजारचे निकम सर रोज तेच करतात. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण गप्प बसतील तर शप्पथ.

हर्सूलच्या पुढं सलग माळ होता. प्लॉटिंग आलं, मधून रस्ता गेला, दुष्काळात त्यावर टँकरची रीघ लागली. सरडा जिवंत ओलांडेना. सरांना घोर लागला. त्यांचं म्हणणं, दोन्हीकडचे सरडे असेच पिढ्यान्‌पिढ्या तुटून राहिले, तर हळूहळू रंग बदलतील, गळ्याची निळी पिशवी फुगवून नाचायची नराची तऱ्हा बदलेल, आणि एक दिवस इकडची मादी तिकडच्या नराला ओळखणारच नाही. मग रस्ता उखडला तरी काय उपयोग, जाती दोन झाल्या! म्हणून दर पिढीत चार पाव्हणे इकडून तिकडं गेले पाहिजेत. "स्थळ चांगलंय," म्हणत सर बरणीतला सरडा दाखवायचे. मी विचारायची, पत्रिका जुळते का? याला हजारो वर्षं लागतात हे त्यांनीच सांगितलेलं, पण घाई बघावी तर लगीनघराची.

हसायची खरी मी. पण माझं लग्न जातीबाहेरचं. आठ वर्षं कन्नडहून माहेरचं कुणी आलं नव्हतं. माझ्या मुलीनं आजोबा पाहिले नव्हते, आणि माझे वडील, आबा, आता थकले होते.

एका रविवारी सर मला न सांगता एसटीनं कन्नडला गेले. आबांच्या ओट्यावर बसून दोन तास सरडेच सांगत राहिले, माझं नावही काढलं नाही. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेल्या आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मास्तर, माझी नात दिसती कशी?"

आठवड्यानं आबा दारात. मुलगी माझ्यामागं लपली. "वळख नाय, तर पोर काय करंल," म्हणाले आणि ती जवळ येईपर्यंत उंबऱ्यावरच बसून राहिले.

मी सरांच्या पाया पडले. या माणसाचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. म्हटलं, आता फर्दापूरला तुमच्या भावाकडं जाऊ, मी येते सोबत. दोघांचा तीस वर्षं अबोला, अख्ख्या गल्लीला ठाऊक.

सर खाली बघत म्हणाले, "मागच्या वर्षी गेलो होतो. भाऊ राहिला नव्हता. पुतण्यानं दार उघडलं, म्हणाला, कोण पाहिजे?"

मी आत गेले आणि आबांच्या शेजारी सरांचं पान वाढलं.