आईसाहेबांचा शनिवार

मनुष्याची योग्यता त्याच्या शरीरातून काय बाहेर पडते यावरून ठरते. तोंडातून जे बाहेर पडते त्याचे माप अद्याप कुणाला काढता आलेले नाही. मूत्रपिंडांचे मात्र निघाले आहे.

आईसाहेबांची मूत्रपिंडे वयोमानानुसार निवृत्तीकडे झुकली आणि त्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागू झाले. मंगळवार आणि गुरुवार त्यांनी मोठ्या मनाने यंत्राला बहाल केले. शनिवार मात्र जिव्हारी लागला. शनिवारी सकाळी घराची बैठक भरे. भिंतींना कुठला रंग द्यावा, कुणी कुणाशी अबोला धरावा आणि तो कधी सोडावा, हे सारे उंच पाठीच्या खुर्चीतून आईसाहेब ठरवत. आता त्या खुर्चीत थोरली सून बसू लागली होती. (तिने खुर्चीवर उशी ठेवल्याचेही कानावर आले होते. आईसाहेबांना उशी कधी लागली नव्हती.)

यंत्र कर्तव्यदक्ष होते, पण त्याला आपपरभाव नव्हता. रक्तातली घाण काढता काढता ते औषधही काढून नेई. इकडे आईसाहेबांचा दंडक असा, की रक्तदाबाची गोळी घेतल्याखेरीज उंबरठा ओलांडायचा नाही. परिणामी गोळी सकाळी पोटात जाई आणि दुपारी गटारात. आईसाहेबांचा रक्तदाब होता तिथेच राहिला. गटाराचा उत्तम आटोक्यात असावा.

"आजी, गोळी डायलिसिस झाल्यावर घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी घेतली की मशीन धुऊन नेतं."

"लढाईवरून परत आल्यावर मी चिलखत घालत नाही."

डॉक्टरीणबाईंनी विषय बदलला. मूत्रपिंडांत अजून पुरेसा जीव असेल, तर एक वार कमी करता येईल. त्यासाठी गुरुवारच्या डायलिसिसपासून शनिवारपर्यंतची सगळी लघवी एका डब्यात साठवायची. डब्यात घाण किती उतरली आणि रक्तात किती उरली, याचे गणित मांडले की मूत्रपिंडांची लायकी कळते.

"कुठला वार कमी होईल?"

"तुम्ही म्हणाल तो."

आईसाहेबांनी डबा स्वतः मागून घेतला.

न्हाणीघरात स्टुलावर त्याची प्रतिष्ठापना झाली आणि जेवताना आज्ञा सुटली: "डबा भरला पाहिजे." आता, या घरात आज्ञेचा अर्थ विचारण्याची पद्धत नव्हती. (विचारणारे एक जावई होते. ते हल्ली पत्रानेच भेटतात.)

शुक्रवारी संध्याकाळी धाकट्या मुलाने डोकावून पाहिले. तळ जेमतेम झाकला होता. त्याने मातृऋणाचा एक हप्ता तिथेच फेडला. पाठोपाठ थोरला मुलगा गेला. थोरल्या सुनेने दोघांना बाहेर पडताना पाहिले आणि ती पेचात पडली. डबा भरला तर खुर्ची जाणार. पण सगळ्यांनी हातभार लावला आणि हिनेच नाही, असे उद्या कुणी म्हटले तर? खुर्ची जाण्यापेक्षा बोलणी वाईट. तीही गेली.

शनिवारी झाकण दाबून बसवावे लागले. आईसाहेबांना नवल वाटले नाही. स्वतःच्या कर्तृत्वाचे त्यांना कधीच वाटत नसे.

मंगळवारी निकाल ऐकायला सारे रुग्णालयात डायलिसिसच्या खुर्चीभोवती जमले.

"आजी, या हिशेबाने तुमच्या किडन्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत."

"घराण्याचा गुण आहे," आईसाहेब म्हणाल्या.

"मलाही तेच वाटतंय. घराण्याचाच आहे." डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसला. "शिवाय डब्यात साखर सापडली, भरपूर. तुम्हाला मधुमेह नाही. पण डब्यातल्या कुणाला तरी आहे."

तिघांनीही छताकडे पाहिले. छत नुकतेच रंगवलेले होते.

"कोण कोण?" आईसाहेबांनी विचारले.

"तुम्हीच म्हणालात, भरला पाहिजे," धाकटा पुटपुटला.

"मी आपला एकदाच," थोरला म्हणाला.

"मी तर फक्त मान राखला," सून म्हणाली.

तिघांचे रक्त तपासले. साखर थोरल्याची निघाली, आणि वेळेवर निघाली. मातृभक्ती आरोग्यास उपकारक असते याचा हा पहिलाच पुरावा होय.

डबा पुन्हा दिला गेला. या वेळी न्हाणीघराची किल्ली आईसाहेबांच्या कमरेला होती. निकाल प्रामाणिक आला, म्हणजे वाईट. शनिवार यंत्राकडेच राहिला.

तेव्हा आईसाहेबांनी बैठकच रुग्णालयात हलवली. डायलिसिसच्या खुर्चीची पाठ घरच्या खुर्चीहून उंच होती, हे त्यांनी आधीच हेरले होते. कुटुंब स्टुलांवर बसू लागले. सुनेची उशी आईसाहेबांच्या सुया टोचलेल्या हाताखाली रुजू झाली. शेजारच्या खुर्च्यांवरचे रुग्णही हळूहळू आपले वाद निवाड्याला आणू लागले. यंत्र थांबले की आईसाहेब पाणी मागवतात आणि गोळी घेतात. गोळी गिळली म्हणजे सभा बरखास्त. डॉक्टरीणबाईंचे ऐकले असे त्या कबूल करत नाहीत. रक्तदाब मात्र उतरला आहे.

वाचकांना हे कुटुंब खुळे वाटेल. वाटू द्यावे. साखर तपासायच्या आधी आठवडाभर गोड सोडायचे, आकडा चांगला आला की त्याच पावली मिठाईचे दुकान गाठायचे, ही शहाण्यांची रीत आपण जाणताच. या खुळ्यांनी निदान आईसाठी डॉक्टरला फसवले, आणि ते पकडले गेले म्हणून थोरला वाचला.

आपला रिपोर्ट मात्र अगदी नॉर्मल आहे. नीट जपून ठेवा.