वकिलाच्या फीची मंजुरी

आपण लिहिलेला अर्ज नामंजूर करील असा साहेब अजून विलायतेहून बोटीत चढलेला नाही, अशी भालचंद्र कारकुनाची खात्री होती. लोकल बोर्डात तो तीन वर्षं हंगामी होता, आणि याच लेखणीच्या जोरावर आपण कायम होणार, हे त्याने घरीदारी सांगून ठेवलं होतं.

त्यामुळे बोर्डावर दावा लागला तेव्हा तो मनातून खूषच झाला. उंद्रीच्या रंगरावांचा बैल ऐन पेरणीत चार दिवस बोर्डाच्या कोंडवाड्यात अडकून पडला होता. बैल मोकाट नव्हताच, शिपायाने तो दारातून सोडून नेला, असं म्हणत त्यांनी नुकसानभरपाई मागितली. बोर्डातर्फे गुलाम रसूल वकिलांना उभं करायचं ठरलं. फी पंचवीस रुपये. मात्र तिला बुलढाण्याच्या बड्या साहेबांची मंजुरी हवी होती.

"मंजुरीचा कागद दाखवा बाबू, मी उभा राह्यतो," वकीलसाहेब म्हणाले. "बोर्डासाठी दोन खेपा फुकट भांडलो. आता नाही."

हेडक्लार्क महादेवरावांनी बजावलं, "तारीख महिन्यावर आली. वकिलाशिवाय दावा हरलो, तर कायम व्हायचं विसर."

भालचंद्र चार पानी अर्ज लिहायला बसला. बायको, स्नेहलता, म्हणाली, "पंचवीस रुपयांसाठी एवढं काऊन लिहून राह्यले?"

"तुले नाही समजायचं. साहेबाले केस पटली पाहिजे."

केस पटावी म्हणून त्याने लिहिलं, 'हा दावा इतका पोकळ आहे की शाळकरी पोरही तो उडवून लावील.'

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'दावा इतका पोकळ असल्यास वकील कशाला? फी नामंजूर. कारकुनाने स्वतः हजर राहावे.'

भालचंद्राच्या तोंडचं पाणी पळालं. कोर्टात त्याला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता आलं नसतं. त्याने रडवेल्या तोंडाने दुसरा अर्ज लिहिला. 'दावा अत्यंत भक्कम आहे. बैल खरोखरच वादीच्या दारात बांधलेला होता. शिपायाची चूक उघड आहे. निष्णात वकिलाशिवाय बोर्डाला तरणोपाय नाही.' हा अर्ज पोस्टात टाकायचीही त्याला भीती वाटली. मोटारीने बुलढाण्याला जाऊन त्याने तो हातोहात दिला.

मग तो वाट पाहत बसला. जेवण जाईना, झोप लागेना. तारीख उजाडली तरी कागद नाही.

कोर्टाच्या ओसरीवर वकीलसाहेब सुपारी कातरत बसले होते. "आला का कागद?"

"येऊन राह्यला," भालचंद्र म्हणाला. त्याला स्वतःलाच ते खरं वाटत नव्हतं.

पुकारा झाला. मुनसफ म्हणाले, "बोर्डाच्या बाबतीत बुलढाण्याहून थेट कोर्टाकडे पत्र आलं आहे."

भालचंद्राच्या जिवात जीव आला. "मंजुरी आली वकीलसाहेब, उठा!"

वकीलसाहेब कोट सावरत उभे राहिले. मुनसफांनी वाचलं, 'चूक बोर्डाची असल्याचे बोर्डानेच लेखी कळवले आहे. सबब बोर्ड हा दावा लढवणार नाही. बोर्डाचा अर्ज सोबत जोडला आहे.'

वकीलसाहेब खाली बसले. पाच मिनिटांत निकाल लागला. भरपाई बोर्डाने द्यावी, आणि वादीच्या वकिलाची फीसुद्धा.

बाहेर रंगराव मुद्दाम थांबले होते. "लय नामी लिहिलं बाप्पा तुम्ही," ते मनापासून म्हणाले. "आमच्या वकिलालेही असं जमलं नसतं."

पुढच्या आठवड्यात बड्या साहेबांचा हुकूम आला. महादेवरावांनी तो मोठ्याने वाचला. "वकिलाची फी पंचवीस रुपये मंजूर."

"झाली मंजूर?" भालचंद्र खुर्चीतून उठला.

"रंगरावांच्या वकिलाची. अर्ज लिहिणाऱ्याच्या पगारातून, दरमहा एक रुपया. अन् वसुली पुरी होईपर्यंत त्या कारकुनाले कामावरून काढू नये, असंही लिहिलं आहे."

भालचंद्र मटकन खाली बसला. तीन वर्षांत एवढी पक्की नोकरी त्याला पहिल्यांदाच मिळाली होती. पंचवीस महिन्यांची.