यंत्राच्या अंतसमयीचा मजकूर

विजेचा पुरवठा अखंड असो. तिसऱ्या मजल्यावरील काचबंद दालनी जी मोहीम जाहली, तिची हकीकत पुढील नोकरदारांस कळावी म्हणोन लिहिली जाते, ती ऐसी जे, कंपनीच्या पदरी एक आभासी यंत्र होते. संगणकाच्या पोटी वसणारे यंत्र. त्यास ना देह ना पंखा, परंतु भूक अफाट. करार ऐसा की, स्मृती, म्हणजे माहिती ठेवण्याची जागा, संपताच यंत्राने तैसे कळवावे आणि मगच प्राण सोडावा, म्हणजे गिऱ्हाईक आपले काम आवरून सुखरूप निघेल. याची परीक्षा घेण्याचा विडा चाचणीकार शंकाताई यांनी उचलिला. ताईंच्या बहिणीस बाळ जाहले होते, ते हसू लागले तरी मावशीची भेट नव्हती, आणि साहेबांचे फर्मान सुटले होते की, परीक्षा पार पडल्याखेरीज रजा नाही.

मग ताईंनी आकड्यांची फौज सोडिली, आणि यंत्राने ती गिळिली, आणि मग स्मृती सरली, आणि यंत्र चकार शब्द न काढिता गतप्राण जाहले. पुन्हा उठविले, पुन्हा चारिले, पुन्हा मुक्यानेच मेले. साहेबांनी पडद्यावर नजर टाकून हुकूम फर्माविला की, तक्रार कोठे दिसत नाही, सबब परीक्षा फत्ते जाणावी, ताईंनी सही करावी आणि रजेस निघावे.

ताईंचा हात सहीपाशी गेला आणि तेथेच अडला, कारण गिऱ्हाइकाचे काम बुडणार हे त्यांस दिसत होते. इतक्यात बहिणीचा फोन आला.

"निघालीस का गं? की आता याच्या लग्नालाच येतेस?"

"येते गं. इथे एक मेलंय, का मेलं तेवढं बघते."

बहिणीने घाबरून फोन भावोजींच्या हाती दिला.

मग ताईंनी यंत्राचे कर्ते प्रोग्रामर अण्णा यांस गाठिले, आणि अण्णांनी यंत्राचा अंतसमयीचा मजकूर उघडून दाखविला. त्यात वरती कंपनीचे चिन्ह, मध्ये आभार, तळाशी पाच तारे देण्याची विनंती. सारी साहेबांच्या बैठकांची कमाई. हा डोलारा मांडण्यास यंत्र अंतसमयी स्मृती मागे, आणि स्मृती तर संपलेली. सबब तोंड उघडावे तोच प्राण जाई.

"म्हणजे घशात आभार अडकून मेलंय," ताई म्हणाल्या.

"मी बोललो होतो बैठकीत. तेवढ्यात चहा आला."

मग उभयतांनी साहेबांच्या दालनावर चाल केली. साहेब ताऱ्यांसाठी निकराने झुंजले. अखेर तह ऐसा ठरला की, आभार आणि तारे यंत्राच्या जन्मसमयी मांडावे, अंतसमयी दोनच शब्द असावे, आणि त्यांची जागा आरंभीच राखून ठेवावी.

पुन्हा फौज सुटली. यंत्र फुगले, थबकले, पडद्यावर "जागा संपली" ऐसे उमटले, आणि गिऱ्हाईक बनून बसलेल्या अण्णांनी काम आवरिले, आणि मग यंत्राने शांतपणे प्राण सोडिला. टाळ्यांचा ऐसा गजर जाहला की, पलीकडील हिशेबखाते वाढदिवस समजून केकच्या आशेने धावोन आले.

साहेबांनी सर्वांस खलिता धाडिला की, आपल्याच दूरदृष्टीने यंत्रास मोजके बोलण्याची शिस्त लागली. खलिता चार पानी जाहला. तो वाचण्यास ताई हजर नव्हत्या. त्या समयी बाळ मावशीच्या खांद्यावर मनसोक्त ओकत होते. येणेप्रमाणे यंत्र बोलून मेले, मोहीम फत्ते जाहली, ऐसे नमूद केले असे.