पाण्याचा निरोप

बाळांनो, घरातून बाहेर पडताना तुम्ही काय म्हणता?

'जातो' म्हणालात, तर आई लगेच टोकते ना? "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं." मग तुम्ही दप्तर पाठीला अडकवून 'येतो' म्हणता आणि जाता. सगळ्यांना बरं वाटतं. येतो म्हणाला आणि गेला कसा, असं कुणी विचारत नाही.

एका जंगलात मात्र याच शब्दावरून मोठा घोटाळा झाला. नीट मांडी घालून बसा, म्हणजे सांगते.

हे जंगल फार सभ्य होतं. तिथे 'जातो' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. हरणी निघाली की "येते हं" म्हणायची. अस्वलकाका निघाले की "येतो बरं का" म्हणायचे. एकदा एका पाहुण्या बेडकाच्या तोंडून चुकून 'जातो' गेलं. त्याला परत बोलावलं, पुन्हा बसवलं, पुन्हा उठवलं आणि 'येतो' म्हणायला लावलं. मगच सोडलं.

जंगलाच्या कडेने एक नदी होती. उन्हाळ्यात ती आटायची. मधोमध करंगळीएवढी धार उरायची आणि बाकी सगळी वाळू. त्या वाळूला लागून, काठाच्या अगदी पायथ्याशी, काटेवहिनींचं बीळ होतं.

काटेवहिनी म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, पण बोलणं मऊ. त्यांना चार दिवसांपूर्वी दोन पिल्लं झाली होती. पिल्लांचे काटे अजून गवतासारखे लवलवीत होते आणि त्यांना चालता येत नव्हतं. बिळाला तोंड एकच होतं, तेही नदीकडे.

एवढं लक्षात ठेवा. आता मी तुम्हाला निरोप कचेरीत नेते.

ही कचेरी एका उंबराच्या ढोलीत होती. राघोपंत पोपट तिथले मुख्य. जंगलात कुणाला काही कळवायचं असेल, तर राघोपंतांना सांगायचं. ते उडत जाऊन निरोप पोचवायचे. निरोप पोचला की उंबराच्या सालीवर दोन रेघा ओढायचे. दोन रेघा दिसल्या की पाठवणारा निर्धास्त व्हायचा. निरोप पोचला, म्हणजे कळलाच असणार! तुम्हालाही असंच वाटतं ना?

पूर्वी राघोपंत सगळा निरोप जसाच्या तसा सांगायचे. पण जंगलात निरोप फार वाढले. सकाळ झाली की सगळे सगळ्यांना 'सकाळ झाली' असं कळवायचे. तेही फुलासकट. राघोपंतांचे पंख भरून यायचे. म्हणून त्यांनी नियम केला. कोणताही निरोप तीन शब्दांत.

त्या दिवशी सकाळी राघोपंत नदीच्या वरच्या अंगाला गेले होते. तिथे एक मोठा डोह होता. डोहाच्या तोंडाशी एक भलामोठा ओंडका आडवा पडला होता आणि त्यामागे पाणी तुंबलं होतं. डोहात पाणमांजर आक्का राहायच्या. राघोपंतांना पाहून त्या ओरडल्याच.

"अहो पंत, थांबा थांबा! तो ओंडका बघा, सरकायला लागलाय. दुपार कलेपर्यंत तो सुटणार आणि सगळं पाणी एकदम खाली येणार. खाली वाळूत कुणी असलं तर त्यांना आत्ताच्या आत्ता वर चढायला सांगा. आणि ती साळिंदराची बाळंतीण अगदी पायथ्याशी आहे हो. तिला आधी सांगा!"

"आक्का, हा निरोप झाला की निबंध?" राघोपंत म्हणाले. "तीन शब्दांत सांगा."

"तीन शब्दांत कसं सांगू?"

"मीच करतो. पाणी येतं म्हणे. झाले तीन. बरोबर?"

"बरोबर आहे, पण..."

"येतो," म्हणून राघोपंत गेले.

आक्कांनी आपली पिल्लं वर न्यायला घेतली. थोड्या वेळाने त्यांनी भाच्याला उंबराकडे पिटाळलं. तो परत येऊन म्हणाला, "दोन रेघा आहेत." आक्कांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आता खाली काय झालं ते ऐका.

राघोपंत उंबरावर बसले आणि त्यांनी नेहमीसारखी आरोळी दिली. "निरोप! पाण्याचा निरोप!"

पाण्याचा निरोप! सगळे चरायचे थांबले.

"अगं बाई! पाणी चाललं की काय?" हरणी म्हणाली.

"निरोप असा आहे," राघोपंतांनी घसा साफ केला. "पाणी येतं म्हणे."

कुणालाच काही उमजेना. मग सगळ्यांनी कोल्हेसरांकडे पाहिलं. कोल्हेसर जंगलाचे अर्थतज्ज्ञ होते. म्हणजे कशाचाही अर्थ ते सांगायचे. त्यांनी डोळे मिटले, शेपूट पुढे घेऊन मांडीवर ठेवलं आणि विचारलं, "मंडळी, आपल्याकडे निघणारा काय म्हणतो?"

"येतो!" सगळे म्हणाले.

"आणि येतो म्हणाला की काय करतो?"

"जातो... अहं, तेच ते. करतो ते."

"मग पाणी 'येतं' म्हणालं, म्हणजे पाणी काय करणार?"

मग अस्वलकाका हळूच म्हणाले, "तेच ते. करणार."

"करेक्ट," कोल्हेसर म्हणाले. "पाणी आपला निरोप घेतंय. करंगळीएवढं उरलं होतं, तेही निघालं. पण बघा किती सुसंस्कृत! जाताना... क्षमा करा, निघताना सांगून निघतंय."

सगळ्यांचे डोळे भरून आले.

काटेवहिनी मागे उभ्या होत्या. पिल्लांना झोपवून घटकाभर आल्या होत्या. त्या चाचरत म्हणाल्या, "सर, एक विचारू का? पाणी येतं म्हणजे खरोखरच येत असलं तर?"

कोल्हेसर हसले. "वहिनी, तुम्ही शब्द ऐकताय. मी अर्थ ऐकतोय."

"तसं नव्हे, माझं बीळ अगदीच खाली..."

"उलट आता पुढे एक पडवी काढा. नदीच नाही म्हटल्यावर जागाच जागा!"

वहिनी गप्प बसल्या. चारचौघांत परत विचारलं तर आपल्याला कळत नाही असं दिसेल, असं त्यांना वाटलं. तुमच्या वर्गात कुणी कुणी असं गप्प बसतं ना? मीही बसायची.

बरं, पाणी इतकं रीतसर निरोप घेतंय म्हटल्यावर जंगलाने नुसतं बघत बसायचं का? ताबडतोब ठरलं. निरोप समारंभ करायचा! आजच, दुपारी, वाळूतच. पाण्याला चढ चढून वर यायला लावणं बरं दिसलं नसतं.

व्यासपीठ काटेवहिनींच्या बिळासमोर मांडलं. "तुमचा तेवढाच कार्यक्रमाला हातभार," कोल्हेसर म्हणाले. अस्वलकाका अध्यक्ष झाले. मोराकडे सूत्रसंचालन आलं. पाण्याला शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं, पण शाल घालायची कुणाला? शेवटी धारेतल्या एका दगडाला घातली. दगड बिचारा ओला होता. शाल लगेच भिजली. "पाण्याने स्वीकारली!" असं मोर म्हणाला आणि टाळ्या पडल्या.

मग भाषणं सुरू झाली. प्रास्ताविक कोल्हेसरांनी केलं. ते संपेपर्यंत दगडाची सावली त्याच्या उंचीएवढी लांब झाली. मग हरणी म्हणाली, "पाण्याचा स्वभाव फार शांत. कधी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही." अस्वलकाका म्हणाले, "मला पाण्यात माझाच चेहरा दिसायचा. असा चेहरा आता कुठे पाहायला मिळणार?" आणि ते खरंच रडले.

काटेवहिनींचं मात्र भाषणात लक्ष नव्हतं. त्या वाळूला पाय लावून बघत होत्या. वाळू सकाळपेक्षा ओली लागत होती. धारही आता करंगळीची अंगठ्याएवढी झाली होती. त्यांनी शेजारच्या सशीणबाईंना ते दाखवलं.

"निघताना थोडं भरून येतंच हो," सशीणबाई म्हणाल्या.

एवढ्यात वरच्या अंगाने झुडपं मोडत कुणीतरी धावत आलं. तो सुळोबा रानडुक्कर होता.

सुळोबाला कुठल्याच समारंभाचं आमंत्रण नसे. त्याचं बोलणं फार आडदांड. तो निघाला की 'येतो'ही म्हणायचा नाही आणि 'जातो'ही म्हणायचा नाही. नुसताच उठून चालायला लागायचा. तर असा हा सुळोबा चिखलाने माखलेला थेट व्यासपीठासमोर आला.

"अरे पळा! पाणी येतंय!"

"हो हो, निरोप मिळाला," मोर म्हणाला. "तुम्हालाही दोन शब्द बोलायचेत का?"

"दोन शब्द गेले खड्ड्यात! पाणी येतंय, पाणी!"

"तेच चाललंय ना," अस्वलकाका डोळे पुसत म्हणाले. "बस बाबा. तुलाही वाईट वाटत असेल."

"डोहावरचा ओंडका सुटला रे!"

"ऐकलंत?" कोल्हेसर श्रोत्यांकडे वळले. "इतकी वर्षं पाण्याला सोबत करणारा ओंडका. आज त्यानेही जागा सोडली. काय ही निष्ठा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

सुळोबा बघतच राहिला. त्याने पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी येतंय याला 'पाणी येतंय' याहून वेगळा शब्द त्याच्याजवळ नव्हता. त्याने वर नदीकडे पाहिलं. तिकडून घरघर ऐकू येत होती. त्याने समोरच्या बिळाकडे पाहिलं. मग काटेवहिनींकडे पाहिलं.

आणि बाळांनो, तो जे बोलला ते मी तुम्हाला सांगते, पण तुम्ही घरी कुणाला म्हणू नका.

"काय रे रिकामटेकड्यांनो!" सुळोबा गरजला. "हा समारंभ आहे की उकिरडा? हा कोल्हा अर्थतज्ज्ञ? ह्याला स्वतःच्या शेपटाचा अर्थ सांगता येईना! अध्यक्ष बघा, केसाळ गाठोडं! हा मोर, ह्याचे पाय कुणी बघितलेत का? फताडे! आणि ही हरणी, हिचं भाषण ऐकून गवत सुकलं!"

सगळे हादरून उभे राहिले.

"अध्यक्षमहाराज, हा सभेचा अपमान आहे!" कोल्हेसर किंचाळले.

"आणि हो, वहिनी!" सुळोबा बिळापाशी जाऊन ओरडला. "परवा तुमची पोरं बघितली. कसली साळिंदरं? घुशी आहेत घुशी! टक्कल पडलेल्या घुशी!"

काटेवहिनींच्या अंगावरचा एकूण एक काटा उभा राहिला. मऊ बोलणाऱ्या काटेवहिनी! सशीणबाई घाबरून चार उड्या मागे गेल्या.

"घुशी? माझी पिल्लं घुशी?" वहिनी बिळात शिरल्या. एका पिल्लाला मानेला धरून बाहेर आणलं आणि अस्वलकाकांच्या हातात ठेवलं. मग दुसरं आणलं. "काका, तुम्हीच बघा! सगळ्यांनी बघा! कुठे दिसतात ही घुशीसारखी? वाघमहाराजांपुढे न्या यांना. आज निवाडा झालाच पाहिजे!"

"झालाच पाहिजे!" सगळे म्हणाले.

"सभात्याग!" कोल्हेसर म्हणाले.

वाघमहाराज वरच्या कातळावर राहायचे. सगळी सभा तरातरा काठ चढू लागली. पुढे दोन पिल्लं छातीशी धरलेले अस्वलकाका, त्यांच्यामागे काटे फुलवलेल्या वहिनी, मागे बाकी सगळे. खालून सुळोबा ओरडतच होता. "अरे चालता कसले गोगलगायींसारखे! पाय आहेत की खुंट्या?" त्यामुळे ते आणखी जोरात चढले. सगळ्यात शेवटी सुळोबाही वर आला, त्यांना शिव्या द्यायला.

कातळावर वाघमहाराज जांभई देत होते. कोल्हेसरांनी तक्रार सांगायला तोंड उघडलं आणि खाली धडाड्कन आवाज झाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

नदी काठोकाठ भरून धावत होती. व्यासपीठ नव्हतं. शाल नव्हती. शाल घातलेला दगड नव्हता. काटेवहिनींचं बीळ जिथे होतं, तिथे गढूळ पाणी गरगर फिरत होतं.

काटेवहिनींनी पिल्लं अस्वलकाकांकडून घेतली. एकदा खाली पाहिलं, एकदा सुळोबाकडे पाहिलं. त्यांचे काटे हळूहळू खाली बसले.

"वहिनी," सुळोबा जमिनीकडे बघत म्हणाला, "घुशीसारखी नाहीत तशी."

"कळलं मला, भावोजी," वहिनी म्हणाल्या.

वाघमहाराजांनी विचारलं, "तक्रार काय होती?"

"महाराज," कोल्हेसर म्हणाले, "पाणी असं न कळवता आलं, ही एक. आणि सुळोबा सभेत असभ्य बोलला, ही दुसरी."

दोन्ही तक्रारी दाखल झाल्या. सुळोबाच्या निषेधाचा ठराव एका मताविरुद्ध मंजूर झाला. ते एक मत काटेवहिनींचं होतं. पाण्याला पुढच्या वेळी तीन शब्दांत, पण स्पष्ट कळवण्याची ताकीद दिली. ती पोचवायला राघोपंत उडाले आणि संध्याकाळी उंबरावर दोन रेघा उमटल्या.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी गोड बोलावं. पण कुणाला बुडता बुडता वाचवायचं असेल, तर त्याला समजावत बसू नये, त्याचा चांगला घसघशीत अपमान करावा. निरोप वाटेत अडकतो, त्याचा अर्थ लावावा लागतो. अपमान ज्याचा त्याला, पूर्ण आणि वेळेवर पोचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेवहिनींनी वरच्या काठावर सुळोबाच्या शेजारी नवं बीळ खणायला घेतलं.