निळ्या पट्ट्यातली चाळ

शहाऐंशी सालच्या एप्रिलात, खोपोलीत कुठे किती उकडतं हे ठरवण्याचं काम खोपोलीकरांकडून काढून घेऊन एका परदेशी उपग्रहाकडे सोपवण्यात आलं. आकाशातून घेतलेल्या चित्रावरून जमिनीचं आणि छपरांचं तापमान काढायचं, शहरातली 'उष्ण बेटं' शोधायची आणि तिथे गारव्याची सोय करायची, अशी योजना होती. त्यासाठी 'नागरी उष्णता समतोल कार्यालय' उघडलं आणि टिपणीस नावाचे साहेब त्याचे प्रमुख झाले.

कारखान्यामागच्या पत्र्याच्या चाळीत राहणाऱ्या पुतळाबाईला ही बातमी नळावर कळली. "बेट म्हंजे चारी अंगांनी पाणी लागतं गं," ती म्हणाली, "हितं तर नळालाबी नाय." पण गारव्याची सोय आपल्याच चाळीला मिळणार, याबद्दल तिला शंका नव्हती. गेल्याच वर्षी चाळीवर कोरे, चकचकीत पत्रे चढले होते. दुपारी त्यांच्याखाली बसलं की माणूस भाकरीसारखा दोन्ही बाजूंनी भाजून निघे.

चित्र आलं. त्यात साहेबलोकांची कौलारू वसाहत लालभडक होती आणि चाळ निळीशार. कोरा पत्रा आपली उष्णता वर फारशी सोडत नाही, म्हणून आकाशातून तो खोटाच थंड दिसतो, अशी तळटीप अहवालात होती. पण टंकलेखकाचं पान संपल्यामुळे ती गळली. वाळ्याचे पडदे, पंखे आणि बर्फ यांनी सज्ज असं उष्माघात केंद्र मग कौलारू वसाहतीत उघडलं.

मे महिन्यात पुतळाबाईचा नवरा भिवाजी जेवता जेवता ताटावरच कोसळला. अंग तव्यासारखं तापलेलं. पुतळाबाईनं त्याला हातगाडीवर घालून केंद्रात नेलं. टिपणीस साहेब पाहणीला आलेलेच होते.

"राहता कुठे?"

"पत्र्याच्या चाळीत, सायेब. ऊन लागलंय यांना."

"निळ्या पट्ट्यात ऊन लागत नाही, बाई. ही थंडी बाधल्याची लक्षणं आहेत."

"अवो, हात तरी लावून बगा!"

"हात हे शास्त्रीय साधन नाही," साहेब म्हणाले आणि भिवाजीला एक सरकारी घोंगडी मंजूर केली.

पुतळाबाईनं ती घोंगडी बाहेरच्या नळाखाली भिजवून नवऱ्याच्या अंगावर टाकली आणि आंब्याखाली संध्याकाळपर्यंत पदरानं वारा घालत बसली. माणूस वाचला. कार्यालयाने 'घोंगडीने गुण आला' अशी नोंद केली.

पुतळाबाई मात्र धडा शिकली. कोंडाण्याच्या भावाकडून तिनं गाडीभर पेंढा आणवला, पत्र्यावर अंथरला आणि वर पाणी शिंपडलं. घर गार झालं. बघता बघता सगळ्या चाळीनं तेच केलं. भिवाजी भर दुपारी घोरू लागला.

पेंढ्याला लपवाछपवी येत नाही. असेल नसेल ती ऊब तो वर उघड दाखवतो. पुढच्या चित्रात चाळ लाल झाली.

कार्यालय हादरलं. शहराची सरासरी बिघडली आणि 'शीतल नगर' म्हणून व्हायचा सत्कार टांगणीला लागला. चाळीवरचा पेंढा उतरवण्याचा आणि कौलांवर पत्रे ठोकण्याचा हुकूम निघाला. साहेबांनी स्वतःच्या बंगल्यापासून सुरुवात केली आणि त्याच रात्रीपासून ते अंगणात झोपू लागले.

चाळ ऐकेना, तेव्हा गावानं मोर्चा काढला. "पेंढा हटवा, खोपोली वाचवा!" सर्वांत पुढे रामभाऊ मास्तर. उन्हानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"मास्तर, आदी आत या, पाणी प्या," पुतळाबाई म्हणाली.

मास्तर आत बसले. माठातलं पाणी प्यायले. हळूहळू त्यांचा सदरा वाळला, डोळे जड झाले.

"आता खरं सांगा, गार वाटतंय का नाय?"

"वाटतंय," मास्तर म्हणाले. "पण वाटण्यावर देश चालत नाही, पुतळाबाई." आणि बाहेर जाऊन पेंढ्याची पहिली पेंडी त्यांनीच खाली ओढली.

चाळ पुन्हा निळी झाली. पुतळाबाई नवऱ्याला घेऊन माहेरी कोंडाण्याला निघून गेली. सत्काराला सगळं गाव कोऱ्या पत्र्याच्या मांडवात दाटीवाटीनं बसलं आणि घाम निथळत टाळ्या वाजवत राहिलं.

खोपोलीकरांना तुम्ही हसलात, हे बरंच झालं. पण परवा अंगाची लाही होत असताना 'पारा उतरला' असं पेपरात वाचून, "तरीच आज जरा बरं वाटतंय," असं तुमच्या घरात कोण म्हणालं होतं?