डाळिंबी रेघ

माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. वर्गात कोण कोणाचं बघून लिहितंय, हे मला पाठमोरी बसूनही कळतं. मग सर्व्हिस सेंटरवाले कोण लागून गेले?

झालं असं, की आमची मोटरसायकल चढ आला की खोकायची. तेही असं, की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. दोनदा शोरूममध्ये सर्व्हिसिंग झालं. दोन्ही वेळा गाडी आंघोळ करून चकाचक परत आली आणि चढावर पुन्हा खोकली. शेवटी बाबा वैतागले.

"विकून टाकतो. रविवारी एकजण बघायला येतोय."

मी अठराची झाले की ही गाडी माझी, असं आमचं ठरलेलं आहे. टाकीवर बसून हॉर्न वाजवायचे तेव्हापासून ठरलेलं!

"बाबा, गाडी चांगली आहे. ते लोक तिला नुसती धुतात."

"पुरावा?"

"शनिवारी देते."

पुरावा आईच्या कपाटात होता. डाळिंबी नेलपॉलिश, कोरी करकरीत बाटली. शनिवारी सकाळी गाडी तिसऱ्यांदा सर्व्हिसिंगला द्यायच्या आधी मी पार्किंगमध्ये पालथी पडले. ऑइलचा बोल्ट, एअर फिल्टरच्या झाकणाचे स्क्रू, चेनचे नट, सगळ्यांवर बारीक रेघ ओढली. अर्धी नटावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. नट फिरला की रेघ तुटणार. नाही तुटली, तर चोर सापडला.

संध्याकाळी गाडी आली, लखलखीत. मी टॉर्च घेऊन वाकले. एकूण एक रेघ शाबूत!

बाबांना तसंच परत फिरवलं आणि शोरूममध्ये अशी शिरले, जशी काही मुख्याध्यापिकाच न सांगता वर्गावर आलीय.

"काय झालं, ताई?" सुपरवायझरने विचारलं. 'ताई' ऐकून माझी उंची दोन बोटं वाढली.

"तुम्ही एकही नट उघडलेला नाही. ही बघा रेघ. मी ओढलेली."

त्याने रेघेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत हाक मारली. दोन मेकॅनिक आले, एक जाडा, एक उंच.

"ही गाडी कोणी केली?"

"याने," जाडा म्हणाला.

"मी कुठे? मला वाटलं तू केलीस. सगळ्या नटांवर खुणा होत्या की!"

सुपरवायझरने कपाळावर हात मारला आणि मला शेजारच्या गाडीपाशी नेलं. तिच्या प्रत्येक नटावर लाल रेघ. अर्धी नटावर, अर्धी पत्र्यावर.

"ताई, नट घट्ट करून झाला की आम्ही अशी खूण करतो. म्हणजे दुसऱ्याने पुन्हा हात लावायला नको."

थोडक्यात, आमच्या गाडीचं सर्व्हिसिंग मीच घरून पूर्ण करून पाठवलं होतं. नेलपॉलिशने.

बाबा छताकडे बघत होते. त्यांचे खांदे मात्र गदगदत होते.

"आणि मागच्या दोन वेळा?" मी शेवटचा बाण सोडला. "तेव्हा तर खुणा नव्हत्या."

त्यावर सुपरवायझरला एकदम आठवलं, की आम्हाला चहा विचारायचा राहिलाय.

मग आमच्यासमोर गाडी उघडली. एअर फिल्टर बाहेर आला तो काळा, जाड, केसाळ. मला वाटलं आत मांजर झोपलंय. नवा बसला, ऑइल बदललं, चेन आवळली, आणि आम्ही निघालो.

चढ आला. मी कान टवकारले. गाडी चकार शब्द न काढता वर गेली!

"रविवारचं रद्द," बाबा हेल्मेटमधून ओरडले.

घरी आईला सगळं रंगवून सांगितलं. ती पोट धरून हसली. बाटली अर्धी झाल्याचं कळल्यावर जरा कमी हसली. "युक्ती मात्र छान आहे हं तुझी," एवढंच म्हणाली.

काल मी संध्याकाळभर गणित केलं. म्हणजे, आईला तसं सांगितलं. तिने पुस्तक मागितलं, मिटलेलंच आडवं धरलं आणि पानांच्या कडेवर बोट ठेवलं. तिथे पानाला पान चिकटवून बसलेली एक डाळिंबी रेघ होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. अखंड.