दोन टोकांचा बाण

आमच्या कॉलेजात संगीताचा इतिहास शिकवणारे वाघमारे सर फळ्यावर बाण काढतात आणि प्रत्येक बाणाला दोन्हीकडे टोक असतं. बाणाच्या इकडे पियानोच्या तारांत खिळे अडकवणारा कुणी परदेशी संगीतकार, तिकडे ताडकळसच्या बाजारात हलगी वाजवणारे सरांचे आजोबा. मी ऑफिसातला क्लार्क. न राहवून विचारलं, "सर, हे दोघं भेटले कधी?"

"भेटायलाच पायजे का? आवाज हिंडत असतोय. तुमी निस्ते कान उघडे ठेवा."

मी ठेवले. काही कळलं नाही.

एकदा परीक्षेत गुरू-शिष्यांच्या जोड्या लावायच्या होत्या. उलट्या लावणाऱ्यांनाही सरांनी पूर्ण मार्क दिले. प्राचार्यांनी जाब विचारला, तर म्हणाले, "शिष्याकडून काहीच शिकला न्हाई, तो गुरू लय कच्चा!" प्राचार्य माझ्याकडे बघत राहिले, मी पंख्याकडे.

जिंतूरचे रफिकभाई शिंपी सरांचे जिवलग. भाई शिलाई मशीन आणि कात्रीतून ताल काढून मोबाइलवर पाठवायचे. सर त्यावर पेटी चढवून परत पाठवायचे, मग भाई त्यात आणखी काही घालायचे. वर्षानुवर्षं हेच. त्यातलीच एक रचना पोरं गॅदरिंगला वाजवणार होती. कार्यक्रमपत्रिका मी टाइप केली. 'रचनाकार' हा रकाना एकच, आणि सरांनी कागदावर दिलेली नावं दोन, मधे तो बाण. बाण कुठून कुठं वाचायचा ते मला उमगेना. मी पहिलं नाव ठेवलं. ते सरांचं होतं.

भाई पहिल्या रांगेत बसून पत्रिका वाचत होते. वाचून झाली, तसे उठले आणि त्यांनी जिंतूरची एसटी धरली. तेव्हापासून त्यांच्याकडून काही येत नाही.

मी जिंतूरला माफी मागायलाही गेलो. "बैठो ना साब, चाय पीके जाव," एवढंच म्हणाले, विषय काढू दिला नाही. सर मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

परवा सही घ्यायला वर्गात गेलो. सर मोबाइलवर स्वतःची नवी रचना ऐकवत होते. पेटी वाजली आणि थांबली. संपलं समजून मी मस्टर पुढं केलं.

"थांबा, चालू हाय," सर हळूच म्हणाले. "ही जागा भाईची हाय. त्याला वाटंल तवा भरंल."

मोबाइलमधून काहीच येत नव्हतं, स्क्रीनवरचे सेकंदांचे आकडे मात्र पुढं सरकत होते. माझ्यापायी पडलेली ती शांतता संपेपर्यंत मी पोरांबरोबर मागच्या बाकावर बसून राहिलो.